उणीव आणि औषध: मधुमेहातल्या खनिजांचा इतिहास

टाइप-२ मधुमेहावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या घरी मेटफॉर्मिनच्या किंवा ग्लिमेपिराइडच्या पट्टीशेजारी बरेचदा आणखी एक बाटली असते. क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम, कधी व्हॅनेडियम अशी नावे तिच्यावर छापलेली असतात. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असतेच असे नाही. शेजाऱ्याने सांगितलेली असते, परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली असते किंवा औषधाच्या दुकानात कुणीतरी सुचवलेली असते. शरीरात एखादे खनिज कमी पडते म्हणून साखर वाढते आणि ते भरून काढले की औषधालाही जोर येतो, असा त्यामागचा विचार असतो. हा विचार निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचे संशोधन आहे, आणि त्यातले काही आधुनिक वैद्यकाच्या अभिमानाच्या कामांत मोडते. पण तो इतिहास क्रमाने तपासला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. फायद्याचा भक्कम पुरावा मिळाला तो खरोखर कमतरता असलेल्या माणसांत, आणि गोळी विकली गेली ती सरसकट सगळ्यांना. म्हणून मधुमेही माणूस औषधाबरोबर जे खनिज घेतो त्याला औषधाचेच नियम लावले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. ते कशासाठी घ्यायचे हे आधी ठरले पाहिजे, शक्य तिथे मोजमाप झाले पाहिजे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याची माहिती असली पाहिजे.

आपल्याकडे हा विषय पाश्चात्त्य प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मधुमेहाच्या उपचारात शिलाजिताला मोठे स्थान आहे. पुढे रसशास्त्र विकसित झाल्यावर प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांसाठी, धातूंची भस्मे आली. वंगभस्म म्हणजे कथलाचे. त्रिवंग भस्मात नाग, वंग आणि यशद, म्हणजे शिसे, कथील आणि जस्त. वसंतकुसुमाकर रस हा तर आजही वैद्यांकडे आणि दुकानांत मिळणारा प्रमेहावरचा प्रसिद्ध कल्प आहे. इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण आजच्या जाहिरातींत तो पुसला जातो. रसवैद्य हे धातू शरीरातली उणीव भरून काढण्यासाठी देत नसत. शिशाची किंवा कथलाची उणीव अशी कल्पनाच तिथे नव्हती. धातूचे शोधन-मारण करून, म्हणजे तो शुद्ध करून आणि भाजून त्याचे भस्म करून, मात्रा आणि अनुपान ठरवून, रोग्याची प्रकृती पाहून दिलेले ते औषध होते, आणि अशुद्ध किंवा कच्च्या भस्माचे अपाय त्याच ग्रंथांत सांगितलेले आहेत. आजचा विक्रेता जुन्या परंपरेचा अधिकार घेतो, विसाव्या शतकातली उणिवेची भाषा घेतो आणि दोन्हींमधली शिस्त तेवढी गाळतो.

परंपरा हजार वर्षांची आहे म्हणजे ती सुरक्षित असणार, हा आक्षेप इथेच तपासून घेऊ. २००४ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी केली, तेव्हाही प्रमाण एकपंचमांशाच्या आसपासच निघाले, आणि रसशास्त्राच्या कल्पांत ते इतरांच्या दुपटीहून अधिक होते. विधिवत मारण केलेले शिसे शरीरात शोषले जात नाही असे उत्तर दिले जाते. पण २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला अशा गोळ्या घेतलेल्या सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले. मारण विधिवत झाले होते की नाही, हे गोळी घेणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. मधुमेहाने मूत्रपिंडावर आधीच ताण आलेल्या माणसाने तर ही जोखीम पत्करूच नये. परंपरेचा मान राखायचा तर तिने सांगितलेली वैद्याची देखरेखही पाळावी लागते.

पाश्चात्त्य वैद्यकात खनिज आणि साखर यांची पहिली गाठ व्हॅनेडियमने घातली. १८९९ साली फ्रान्समधल्या लिओं शहरात डॉक्टरांनी सोडियम व्हॅनेडेट अनेक रुग्णांना देऊन पाहिले. त्यांत थोडे मधुमेहीही होते आणि त्यांच्यापैकी काहींच्या लघवीतली साखर किंचित उतरली. इन्सुलिनचा शोध तेव्हा वीस-बावीस वर्षे दूर होता. ही नोंद जवळजवळ विस्मृतीत गेली. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी मधुमेही केलेल्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात व्हॅनेडेट घातले आणि त्यांची साखर पूर्ववत झाल्याचे दाखवले, तेव्हा तिला पुन्हा महत्त्व आले. नव्वदच्या दशकात माणसांवर लहान लहान प्रयोग झाले. उपाशीपोटीची साखर थोडी उतरली, पण पोटदुखी, मळमळ आणि जुलाब यांनी रुग्ण हैराण झाले. व्हॅनेडियमपासून औषध बनवण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही; पूरक गोळ्यांच्या बाजारात मात्र ते टिकून राहिले. इथेही उणिवेचा प्रश्न नव्हताच. माणसाच्या शरीराला व्हॅनेडियमची गरज आहे हे कधी सिद्ध झालेले नाही.

जस्ताची, म्हणजे झिंकची गोष्ट याहून कितीतरी श्रीमंत आहे, आणि खनिजांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे सगळ्यात बळकट प्रमाणही तीच आहे. १९३४ साली टोरंटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत डी. ए. स्कॉट यांनी दाखवून दिले की इन्सुलिनचे स्फटिक होतात ते जस्तासारख्या धातूच्या मदतीने. दोन वर्षांनी डेन्मार्कमधल्या हागेडॉर्न यांनी इन्सुलिनला प्रोटामीन या प्रथिनाची जोड देऊन त्याचा परिणाम लांबवला. स्कॉट आणि त्यांचे सहकारी फिशर यांनी त्यात जस्त घातले, आणि प्रोटामीन झिंक इन्सुलिन तयार झाले. दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागणारे औषध एकदा घेतले तरी पुरू लागले. रोज सुईला सामोरे जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही केवढी मोठी सुटका होती! १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्येच लेंटे इन्सुलिन आले. त्यात प्रोटामीनही लागत नव्हते. जस्ताचे प्रमाण आणि स्फटिकांचा आकार यांवरच परिणामाचा वेग ठरत होता. १९६९ साली डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी इन्सुलिनची रचना उलगडली तेव्हा सहा रेणूंच्या गटाच्या मध्यभागी जस्ताचे दोन अणू दिसले. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन साठवतात ते याच रूपात.

१९३८ मध्ये स्कॉट आणि फिशर यांनीच आणखी एक मोजमाप प्रसिद्ध केले होते. मधुमेहाने मृत्यू पावलेल्यांच्या स्वादुपिंडात जस्ताचे प्रमाण निरोगी स्वादुपिंडाच्या जवळपास निम्मे होते. जस्त कमी पडले म्हणून मधुमेह झाला, असा निष्कर्ष यावरून सहज काढता येतो आणि तो आजतागायत काढला जातो. पण इन्सुलिन जस्तासोबत साठवले जात असेल, तर इन्सुलिन घटलेल्या स्वादुपिंडात जस्तही घटलेलेच दिसणार. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या मोजमापातून ठरत नाही. पुढे जनुकशास्त्राने या प्रश्नाला अगदी अनपेक्षित वळण दिले. २००७ साली टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या जनुकांचा मोठा शोध झाला. त्यात बीटा पेशींत जस्त वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले, आणि जस्तवादी आनंदले. २०१४ मध्ये त्याच जनुकाचा आणखी बारकाईने अभ्यास झाला. ज्या लोकांत या जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी होती, त्यांना मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच कमी निघाला. जस्त आत नेणारा मार्ग अरुंद असलेली माणसेच अधिक सुरक्षित होती. रासायनिक नाते खरे असूनही जास्त जस्त म्हणजे कमी साखर हे सोपे गणित लागू पडत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

या इतिहासाचा गाभा मात्र क्रोमियमच्या गोष्टीत आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्लाउस श्वार्ट्झ हे जर्मनीतून आलेले शास्त्रज्ञ उंदरांच्या आहारावर काम करत होते. टोरुला नावाच्या यीस्टवर वाढवलेल्या उंदरांचे यकृत खराब होत होते. ते कशामुळे हे शोधताना १९५७ साली त्यांनी सेलेनियम हे शरीराला आवश्यक खनिज असल्याचे दाखवले. हे काम आजही अढळ आहे. याच उंदरांच्या रक्तात साखर टोचली की ती उतरायला वेळ लागतो, हेही त्यांच्या आणि त्यांचे सहकारी वॉल्टर मेर्ट्झ यांच्या लक्षात आले. बिअर बनवताना उरणारे यीस्ट किंवा डुकराचे मूत्रपिंड खायला घातले की हा दोष नाहीसा होई. त्या अन्नातल्या अज्ञात घटकाला त्यांनी ग्लुकोज टॉलरन्स फॅक्टर असे नाव दिले, आणि १९५९ मध्ये त्याचा क्रियाशील भाग त्रिसंयुजी क्रोमियम असल्याचे जाहीर केले. क्रोमियम हे इन्सुलिनचे साथीदार खनिज आहे, ही कल्पना इथे जन्मली आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

तिला माणसातला पुरावा मिळाला १९७७ मध्ये, टोरंटोत. आतड्याच्या आजारामुळे तीन वर्षांहून अधिक काळ केवळ शिरेवाटे पोषण घेणाऱ्या एका स्त्रीचे वजन घटू लागले, पायांच्या नसांत दोष निर्माण झाला आणि रक्तातली साखर वाढली. इन्सुलिन देऊनही ती पुरती आवरेना. डॉ. खुर्शीद जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला दोन आठवडे रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम शिरेवाटे दिले. नसांचा त्रास कमी झाला आणि इन्सुलिन बंद करता आले. शिरेवाटे पोषण देण्याच्या द्रावणात तेव्हापासून क्रोमियम घालण्याची पद्धत पडली. १९८० मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींत क्रोमियमसाठी रोज ५० ते २०० मायक्रोग्रॅम असा आकडा आला. या रुग्ण स्त्रीला झालेला फायदा नाकारण्याचे काही कारण नाही. पण तिची अवस्था पाहा. वर्षानुवर्षे तिच्या तोंडात अन्नाचा कण नव्हता, आणि शरीरात जाणारा प्रत्येक घटक प्रयोगशाळेत मोजून तयार केलेल्या द्रावणातून येत होता. तिच्यावरून पोळीभाजी, आमटीभात खाणाऱ्या माणसाबद्दल काय सांगता येईल, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

दरम्यान प्रयोगशाळांच्या हाती असलेल्या मोजमापांचा पायाच खचत होता. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान दहा-साडेदहा टक्के क्रोमियम असते. रक्त काढण्याची सुई स्टीलची, नमुना कुटण्याचे पाते स्टीलचे, उंदरांचे पिंजरे धातूचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोजणीची यंत्रे सुधारली, तेव्हा रक्तातल्या क्रोमियमचे पूर्वीचे बहुतेक आकडे खऱ्या प्रमाणाच्या शेकडो पटींनी फुगलेले होते हे उघड झाले. ज्या पातळीला आधी कमी किंवा पुरेशी म्हटले जात होते ती सुईतून आलेली होती. श्वार्ट्झ आणि मेर्ट्झ यांच्या उंदरांच्या अन्नात किती क्रोमियम होते हे मोजलेले नव्हते, आणि पिंजऱ्यांची जाळी चावणाऱ्या उंदरांच्या पोटात आणखी किती गेले असेल याचाही हिशेब नव्हता. २०११ साली अलाबामा विद्यापीठातल्या जॉन व्हिन्सेंट यांच्या गटाने धातूचा स्पर्श नसलेल्या पिंजऱ्यांत उंदीर वाढवले आणि त्यांना क्रोमियम अत्यल्प असलेला आहार दिला. या उंदरांची साखर पुरेसे क्रोमियम मिळणाऱ्या उंदरांपेक्षा वाईट निघाली नाही. फार मोठ्या मात्रेत दिल्यावर मात्र इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात फरक दिसला. तेव्हा क्रोमियमचा परिणाम असलाच तर तो औषधासारखा आहे, पोषकासारखा नाही, असे त्यांनी मांडले. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये क्रोमियमच्या दैनंदिन गरजेचा आकडा ठरवण्यास नकार दिला, कारण निरोगी माणसाला त्याने काही लाभ होतो याचा पुरावाच त्यांना सापडला नाही. अमेरिकेतला आकडाही २००१ मध्येच प्रौढ पुरुषांसाठी ३५ आणि स्त्रियांसाठी २५ मायक्रोग्रॅमवर उतरला होता.

प्रयोगशाळेत शंका वाढत असताना बाजारात क्रोमियमचा सुवर्णकाळ चालला होता, हे या इतिहासातले सगळ्यात दुःखद प्रकरण आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधनातून क्रोमियम पिकोलिनेट हे सहज शोषले जाणारे संयुग पुढे आले आणि त्याचे पेटंट झाले. नव्वदच्या दशकात खनिजांच्या गोळ्यांत कॅल्शियमच्या खालोखाल त्याचा खप होता. चरबी घटते, स्नायू वाढतात, साखर आटोक्यात येते, असे सगळेच दावे त्याच्या नावावर जमा झाले. १९९४ च्या कायद्याने अमेरिकेत पूरक गोळ्यांना परिणामकारकता आधी सिद्ध करण्याच्या बंधनातून मोकळे केले होते. १९९६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने क्रोमियम विक्रेत्यांचे दावे निराधार ठरवून त्यांना आळा घातला, पण तोवर कल्पना घराघरांत पोहोचली होती. खनिजे स्वस्त असतात, त्यात औषध कंपन्यांना नफा नसतो, म्हणून त्यांच्यावर संशोधन होऊ दिले जात नाही, असा आरोप नेहमी ऐकू येतो. क्रोमियमच्या बाबतीत तो टिकत नाही. इथे पेटंट होते, उद्योग होता, सरकारी प्रयोगशाळांचे पाठबळ होते, आणि अनुकूल निष्कर्ष मधुमेहाच्या अग्रगण्य नियतकालिकांत छापले गेले.

त्या अनुकूल निष्कर्षांतला सगळ्यात मोठा १९९७ चा. अमेरिकन संशोधक रिचर्ड अँडरसन यांच्या गटाने चीनमधल्या १८० मधुमेह्यांचे तीन गट केले. एकाला क्रोमियम नसलेली गोळी, दुसऱ्याला रोज २०० आणि तिसऱ्याला १००० मायक्रोग्रॅम क्रोमियम दिले. सगळ्यांची नेहमीची औषधे चालूच होती. चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, अनुक्रमे ८.५, ७.५ आणि ६.६ टक्के निघाला. कोणत्याही डॉक्टरने खुर्चीत सावरून बसावे असा हा फरक आहे, आणि तो खोटा होता असे मी म्हणत नाही. पण विज्ञानात एका अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्यांच्या हातूनही यावा लागतो. २००२ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चीनचा अभ्यास बाजूला ठेवताच मधुमेह्यांमधला परिणाम नाहीसा झाला. २००६ आणि २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन चाचण्यांत, एकदा पिकोलिनेट आणि एकदा क्रोमियमयुक्त यीस्ट सहा महिने देऊनही साखरेत फरक पडला नाही. २००७ च्या एका व्यापक आढाव्यात सरासरी थोडा फायदा दिसला, पण त्यातल्या जवळपास निम्म्या अभ्यासांचा दर्जा कच्चा होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये वेष्टनावर जे वाक्य छापू दिले, त्यात हा संबंध अत्यंत अनिश्चित असल्याचे स्पष्ट म्हणावे लागत होते. चिनी रुग्णांना फायदा का झाला आणि डच रुग्णांना का नाही, याचे एक संभाव्य उत्तर त्यांच्या आहारांतल्या फरकात असू शकते. पण मग प्रश्न पुन्हा तिथेच येतो: गोळी घेणाऱ्या माणसाला उणीव आहे काय?

मॅग्नेशियमच्या बाबतीत हा प्रश्न कुणीतरी योग्य क्रमाने विचारला, म्हणून तिथले उत्तर अधिक विश्वासार्ह आहे. रक्तात साखर वाढली की लघवीवाटे पाणी जास्त जाते आणि त्याबरोबर मॅग्नेशियमही. शिवाय रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्याही मॅग्नेशियम घटवतात. या दुसऱ्या प्रकाराबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये सूचना काढली होती. म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि पित्त या तिन्हींची औषधे घेणाऱ्या माणसात ही उणीव खरीच असू शकते, आणि आपल्याकडे असे रुग्ण घरोघरी आहेत. मेक्सिकोतल्या दुरांगो शहरात २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात रक्तातले मॅग्नेशियम कमी असल्याचे आधी तपासून ६३ रुग्ण निवडले गेले. ते सगळे ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध घेत होते. निम्म्यांना सोळा आठवडे मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण दिले. अखेरीस त्यांचा एचबीएवनसी ८.०, तर इतरांचा १०.१ टक्के होता. याउलट १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तीन महिने मॅग्नेशियम दिले, तेव्हा रक्तातले मॅग्नेशियम वाढले, पण साखर होती तिथेच राहिली. या दोन अभ्यासांत माझ्या मते विसंगती नाही; पहिल्यात उणीव आधी तपासून रुग्ण निवडले होते. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हेच मॅग्नेशियम शरीरात साचून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण जुन्या मधुमेह्यांत मूत्रपिंडाचा दोष मुळीच दुर्मीळ नाही.

एवढे वाचूनही कुणी म्हणेल की फायदा झाला तर झाला, नाहीतर नुकसान काय? या आक्षेपाला सेलेनियमने दिलेले उत्तर फार गंभीर आहे. श्वार्ट्झ यांनी आवश्यक ठरवलेले हेच ते खनिज. ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करून ते मधुमेहही टाळेल अशी अपेक्षा होती. अमेरिकेत ज्या भागांतल्या मातीत सेलेनियम कमी आहे तिथे त्वचेच्या कर्करोगासाठी एक दीर्घ चाचणी झाली होती. तिच्यातल्या, सुरुवातीला मधुमेह नसलेल्या १२०२ माणसांची माहिती २००७ मध्ये तपासली गेली. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांपैकी ५८ जणांना, तर सेलेनियम नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ जणांना सरासरी पावणेआठ वर्षांत टाइप-२ मधुमेह झाला. ज्यांच्या रक्तात सेलेनियम मुळातच भरपूर होते, त्यांच्यात धोका सर्वाधिक वाढला. भांड्याला तळाशी भोक असेल तर ते बुजवावे लागते. भरलेल्या भांड्यात ओतत राहिले की पाणी जमिनीवरच सांडते. काही नाही तर अपाय तरी होणार नाही, ही समजूत या आकड्यांनंतर कुणी बाळगू नये.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो आपल्या मातीतला आहे. उणीव ही पाश्चात्त्यांसाठी दुर्मीळ गोष्ट असेल, भारतात ती रोजची आहे. २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात झिंक कमी आढळले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जमिनीतली झिंकची तूट नवी नाही. झिंक सल्फेटची पोती तो दरवर्षी आणतो. धान्य आणि डाळींवर चालणाऱ्या आहारात फायटेट जास्त असल्याने जे जस्त असते तेही पुरते शोषले जात नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी खनिजांच्या विरोधात लिहीत नाही. पण हा युक्तिवाद सरसकट गोळीच्या बाजूने जात नाही. तो तपासणीच्या आणि आहाराच्या बाजूने जातो. तपासणीलाही मर्यादा आहेत. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्क्याहून कमी भाग रक्तद्रवात असतो, आणि रक्तातल्या झिंकचा आकडा ताप, जेवण, दिवसाची वेळ यांनीही हलतो. म्हणून आकड्यासोबत आहार, बाकीची औषधे आणि लक्षणे पाहणारा डॉक्टर लागतो. स्वयंपाकघराच्या बाजूने सांगायचे तर मटकीला किंवा मुगाला मोड आणले, पीठ आंबवले की फायटेट घटते आणि खनिजे शरीराला अधिक लागू पडतात. तीळ, शेंगदाणे, बाजरी, पालेभाज्या यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमचा आणि जस्ताचा सेलेनियमच्या गोळीसारखा अतिरेक होण्याची भीती नसते.

कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना प्रतिबंध करणारा १९५४ चा भारतीय कायदा मधुमेह बरा करण्याचे दावे जाहिरातींत करू देत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१६ मध्ये पूरक पदार्थांसाठी नियम आले आणि २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार अशा वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही असे ठळक छापावे लागते. हा मजकूर वाचण्याची सवय आपल्यातल्या फार थोड्यांना आहे. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या उपचारविषयक शिफारशीही वर्षानुवर्षे हेच सांगतात की कमतरता नसलेल्या मधुमेह्याला खनिज किंवा जीवनसत्त्व देऊन साखरेवर फायदा होतो याचा स्पष्ट पुरावा नाही.

या साऱ्या इतिहासात औषधासोबत पूरक गोळी घेण्याचे खरोखर भक्कम कारण एकाच ठिकाणी सापडते, आणि ते जाहिरातींनी कधी सांगितले नाही. १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहासाठी वापरात आणले. १९७१ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते हे नोंदवले. या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो, त्यामुळे खनिजांच्या इतिहासातही त्याला जागा आहे. आतड्यातून ते शोषले जायला कॅल्शियम लागते. २००० साली मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कॅल्शियम दिल्यावर हे शोषण सुधारल्याचे दिसले. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या चार वर्षांहून अधिक चाललेल्या चाचणीत मेटफॉर्मिनने रक्तातले बी-१२ सुमारे १९ टक्क्यांनी उतरवले, आणि चाचणी जितकी लांबली तितकी घट वाढत गेली. शाकाहारी घरांतला माणूस तर आधीच काठावर असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा दीर्घ अभ्यास करून ही उणीव किती सर्रास आहे ते दाखवून दिले आहे. २००८ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी प्रतिसाद देत होती. बी-१२ च्या उणिवेने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. मधुमेहाने नसा खराब झाल्या की अगदी तसेच होते. दोन्हींची गल्लत झाली की भरून निघू शकणारी उणीव वर्षानुवर्षे तशीच राहते आणि नसांचे कायमचे नुकसान होते.

तेव्हा मेटफॉर्मिन घेऊन काही वर्षे झाली असतील, विशेषतः घरचा आहार शाकाहारी असेल, तर पुढच्या तपासणीला बी-१२ ची चाचणी मागून घ्या. घरात खनिजांची जी काही बाटली, पूड किंवा भस्म असेल ते सगळे डॉक्टरांसमोर ठेवा, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा पाहिल्याशिवाय त्यातले काहीही पुढे चालू ठेवू नका.